शेवटच्या डब्यातून येणारं उत्तर

रात्री अडीचला फोन वाजतो. पलीकडचा आवाज फक्त वेळ सांगतो. साडेचारला साइन ऑन, म्हणजे कामावर हजेरी. आमच्या भाषेत याला 'कॉल' म्हणतात. जुन्या माणसांच्या वेळी कॉलबॉय सायकलवरून दारात यायचा, कडी वाजवायचा आणि वहीत सही घेऊन जायचा. आता फोनवरच होकार द्यायचा असतो. पण झोपेतून उठून 'हो, आले' म्हणेपर्यंत तो कॉल पुरा होत नाही. समोरून उत्तर मिळाल्याशिवाय रेल्वेत कुठलीच गोष्ट पुरी होत नाही, हे मला गेल्या काही महिन्यांत शिकायला मिळालं. त्याबद्दलच लिहायचं आहे.

मी सहायक लोको पायलट म्हणून शिकते आहे. भुसावळला वर्गातलं शिक्षण झालं आणि आता पुण्यात प्रत्यक्ष गाडीवर काम चालू आहे. इंजिनात लोको पायलट आणि त्यांचा सहायक अशी दोन माणसं असतात, मी तिसरी. मार्ग शिकण्यासाठी करायच्या या फेऱ्यांना 'एलआर', म्हणजे 'लर्निंग रोड' म्हणतात. घोरपडीत एक खोली भाड्याने घेतली आहे. गाव यवतच्या अलीकडे. आईला मी काय करते ते अजून नीटसं कळलेलं नाही. 'गाडी चालवायला शिकते' एवढं ती लोकांना सांगते, आणि मला रोज एकच सांगते, "पोचल्यावर फोन कर."

लॉबीत, म्हणजे चालकांच्या हजेरीच्या ठिकाणी, पोचलं की आधी यंत्रात फुंकायचं. दारूचा अंशही चालत नाही, आणि हे सगळ्यांना सारखं, तीस वर्षं नोकरी झालेल्यालाही आणि मलाही. मग कॉशन ऑर्डर. कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत रूळाचं काम चालू आहे, तिथे वेग किती ठेवायचा, ते सगळं त्या कागदावर असतं. मी ज्यांच्या हाताखाली शिकते ते सर मूळचे दौंडचे, निवृत्तीला आलेले. ते कॉशन ऑर्डर मनात वाचत नाहीत. मोठ्याने वाचतात आणि प्रत्येक ओळीनंतर थांबतात. मी ती ओळ परत म्हणायची. पहिल्या दिवशी मला शाळेत गेल्यासारखं वाटलं होतं. नंतर लक्षात आलं, की मी एका ठिकाणी 'तीस'च्या जागी 'वीस' ऐकलं होतं, आणि परत म्हटल्यामुळेच ते त्यांना कळलं. मग कागद माझ्या हातात देऊन ते विचारतात, "झोप झाली का?" हा प्रश्न ते चौकशी म्हणून विचारत नाहीत. तोही तपासणीचाच भाग आहे आणि त्याचं खरं उत्तर द्यायचं असतं.

इंजिन उभं असतं तिथे अंधार असतो. हातात बॅटरी, पाठीवर पिशवी. पिशवीत दोन लाल झेंडे, एक हिरवा, आणि रूळावर लावायचे दहा फटाके. दिवाळीचे फटाके नव्हेत हे. गाडी वाटेत अडकली आणि मागून किंवा शेजारच्या रूळावरून दुसरी गाडी येणार असेल, तर हे घेऊन धावत जायचं आणि रूळावर बसवायचे, म्हणजे चाक वरून गेलं की आवाज होतो आणि येणारा चालक सावध होतो. मला ते अजून एकदाही वापरावे लागले नाहीत. तरी दर वेळी मोजते.

इंजिनाभोवती फेरी मारायची ती एकाच दिशेने. सरांचा याबद्दल एक नियम आहे, तो मला कुठल्या पुस्तकात दिसला नाही. "मधे कुणी हाक मारली, फोन आला, तर परत सुरू करताना थांबलीस तिथून करू नको. दोन पावलं मागे जा. माणसाला वाटतं आपण इथवर आलो होतो, पण डोकं तिथवर आलेलं नसतं." मी आता घराला कुलूप लावतानासुद्धा तसंच करते.

चाकाखाली लावलेली लाकडी पाचर काढली का. ब्रेक ब्लॉक किती झिजलेत. स्प्रिंगला तडा नाही ना. पुढच्या कॅटल गार्डचे बोल्ट घट्ट आहेत का. होज पाइप कुठे चिरलेला नाही ना. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची पातळी. वर पेंटोकडे, म्हणजे तारेतून वीज घेणाऱ्या छपरावरच्या सांगाड्याकडे, फक्त बॅटरीचा झोत टाकून बघायचं, कारण वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट आहेत आणि तिच्याजवळ जायचं नसतं. यातलं पुष्कळसं डोळ्यांनी दिसतं. पण सरांना 'बघितलं' हा शब्द आवडत नाही. मी म्हटलं, "सर, बघितलं," की ते म्हणतात, "हात लावलास?"

हात लावण्याचीही एक रीत आहे. गाडी कुठे थांबली की चाकाच्या आखाच्या टोकाशी असलेला अॅक्सल बॉक्स गरम झालाय का ते पाहायचं असतं. त्यासाठी हाताची मागची बाजू वापरायची. तळहात लावला आणि चटका बसला तर बोटं आपोआप आवळली जातात आणि तीच गरम वस्तू धरून बसतात. मागची बाजू लावली तर हात झटकन मागे येतो. हे शिकवल्यावर मला आईची आठवण झाली. ताप बघताना ती आमच्या कपाळावर हाताची मागची बाजूच टेकवायची. तिला हे कुणी शिकवलं असेल?

आणि आठवण झाली आण्णांची, म्हणजे आजोबांची. त्यांच्याकडे लाकडी चाकांची बैलगाडी होती. बैल जुंपण्याआधी ते दोन्ही चाकांशी वाकायचे, आखाची खीळ बोटाने हलवून पाहायचे, मग एक दगड उचलून लोखंडी धावेवर ठोकायचे. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतं आणि धाव सैल होते. घट्ट धाव खणखणीत वाजते, सैल असली की आवाज बसका येतो. तसा आला की गाडी आधी पाण्यात उभी करायची, लाकूड फुगू द्यायचं आणि मगच निघायचं. कितीही घाई असो. मी सातेक वर्षांची असेन. मला वाटायचं आण्णा चाकाशी बोलतायत. रेल्वेतही पूर्वी हातोडीने चाकं वाजवून ऐकणारी माणसं असायची, हे कळल्यावर मला आश्चर्य वाटलं नाही.

आता ब्रेकबद्दल. हे जरा सविस्तर सांगते, कारण मला स्वतःला ते कळायला वेळ लागला आणि कळलं त्या दिवशी फार बरं वाटलं.

आपण सायकलचा ब्रेक दाबतो, म्हणजे जोर लावतो, आणि चाक थांबतं. आगगाडीत उलटं आहे. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी गेलेली असते, ब्रेक पाइप. तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो इतका हवेचा दाब भरलेला असतो. तो दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले असतात आणि गाडी पळू शकते. चालकाला थांबायचं असेल तेव्हा तो नळीतला दाब कमी करतो, आणि प्रत्येक डब्याखाली साठवून ठेवलेली हवा ब्रेक चाकांवर आवळते. कुणी साखळी ओढली, नळी फुटली, गाडी मधेच तुटून दोन भाग झाले, तरी हवा जाते आणि दोन्ही भाग आपसूक थांबतात. दीडशे वर्षांपूर्वी जॉर्ज वेस्टिंगहाउसने हे तत्त्व रेल्वेत आणलं. काही बिघडलं तर गाडी थांबलीच पाहिजे, या बाजूने त्याने विचार केला. मला हा विचार फार मोठा वाटतो. चूक होणार हे आधीच कबूल करून मग यंत्र बांधायचं.

पण यातही एक फट राहते. प्रत्येक डब्याच्या दोन्ही टोकांना त्या नळीवर एक कॉक असतो, अँगल कॉक. डबे जोडता-तोडताना तो बंद करावा लागतो. समजा, अठरा डब्यांची गाडी जोडली आणि चौथ्या डब्याचा मागचा कॉक चुकून बंदच राहिला. इंजिनातला दाबाचा काटा पाच दाखवणार. तो खोटं बोलत नाही, पण तो पहिल्या चार डब्यांपुरतंच बोलतो. मी ब्रेक लावला तर हवा तेवढ्याच डब्यांतून जाईल. मागच्या चौदा डब्यांतली हवा कॉकच्या पलीकडे कोंडलेली, त्यामुळे त्यांचे ब्रेक लागणारच नाहीत. ते चौदा डबे ढकलत राहतील. समोर सगळं व्यवस्थित दिसत असताना.

म्हणून गाडी सोडण्याआधी मागून उत्तर घ्यावं लागतं. डब्यांची तपासणी करणारे कर्मचारी एकेका डब्यापाशी जाऊन ब्रेक लागला का, सुटला का हे बघतात. नव्या एलएचबी डब्यांच्या बाजूला छोट्या खिडक्या असतात. ब्रेक लागलेला असेल तर तिथे लाल दिसतं, सुटला की हिरवं. मग त्याचं प्रमाणपत्र तयार होतं आणि ते चालकाच्या हातात येतं. त्याशिवाय शेवटच्या डब्यातले गार्ड आपल्या समोरच्या काट्यावर दाब किती आला ते सांगतात, आणि मग आपल्याकडची झडप उघडून थोडी हवा सोडतात. अठरा डब्यांची गाडी म्हणजे चारशे मीटरच्या वर लांबी. तिकडच्या टोकाला त्यांनी झडप उघडली की इकडे इंजिनात आमच्यासमोरचा काटा खाली झुकला पाहिजे. झुकला, म्हणजे वाट मोकळी आहे. (२०२२पासून गार्डचं पद 'ट्रेन मॅनेजर' झालं आहे. बोलताना आम्ही अजून गार्डसाहेबच म्हणतो, आणि त्यात मान आहे.)

यवतहून कॉलेजला येताना मी दौंडकडची शटल पकडायचे. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, दारात लटकणारी पोरं. पुणे स्टेशनवरून परत जाताना गाडी फलाटावर उभी असायची, वेळ होत आलेली असायची, आणि आम्ही सगळे खिडकीतून डोकं काढून म्हणायचो, अजून सोडत का नाहीत, बसलेत काय करत. आता मला माहीत आहे त्या मिनिटांत काय चालतं. त्या वेळी माहीत असतं तरी मी तसंच म्हटलं असतं बहुधा. गाडीत बसलेल्या माणसाला काटा दिसत नाही, आणि दिसायची गरजही पडू नये.

एका चुकीबद्दल सांगायचं आहे. जुलै महिना होता, रात्रभर पाऊस लागलेला. ठिकाण सांगत नाही. इंजिन तयार करत होतो. चाकांजवळ वाळूच्या पेट्या असतात. रूळ ओले झाले, त्यावर चिखल-पाला आला की लोखंडावर लोखंड घसरतं. अशा वेळी चालक बटण दाबतो आणि हवेच्या जोराने नळीतून वाळू चाकापुढे रूळावर पडते, पकड मिळते. इतक्या शक्तीच्या इंजिनाला शेवटी मूठभर वाळूच हात देते. मी पेटीचं झाकण उघडलं, बॅटरी मारली, वाळू भरलेली होती. झाकण लावलं. चारही कोपऱ्यांना तसंच. वर येऊन म्हटलं, "सर, वाळू भरलेली आहे."

"पडते का?"

मी काहीच बोलले नाही. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "खाली जा, मी इथून सोडतो."

मी खाली उतरले. पाऊस मानेवरून रेनकोटात शिरत होता. चाकाशी वाकून नळीच्या तोंडाखाली हात धरला. वरून सरांनी बटण दाबलं. फुस्स आवाज आला. हाताला नुसती हवा लागली. पुन्हा हवा. तिसऱ्या वेळी चिमूटभर ओली वाळू गोळा होऊन तळहातावर पडली, भिजलेल्या रव्यासारखी, आणि मग तेही बंद. दुसऱ्या बाजूला मात्र व्यवस्थित धार येत होती. कोरडी, बारीक, बोटांतून निसटणारी. दोन्ही पेट्या वरून सारख्याच भरलेल्या होत्या. एका नळीत ओल जाऊन वाळू दगडासारखी बसली होती.

माणसं बोलावली, नळी मोकळी केली, कोरडी वाळू भरली. मग पुन्हा हात धरून पाहिलं. या सगळ्यात वेळ गेला. सरांनी वहीत नोंद केली आणि मला दाखवली. त्यात माझी चूक लिहिलेली नव्हती, बिघाड आणि केलेलं काम एवढंच होतं. पण मला ती चूक पुसायची नाही. त्या दिवशी पाऊस होता, आणि आम्ही घाटाकडे जाणार होतो. मी 'भरलेली आहे' म्हटलं ते अक्षरशः खरं होतं. खरं असून उपयोगाचं नव्हतं.

घाट म्हणजे बोरघाट. पुण्याच्या रेल्वेवाल्याच्या मनात तो कायम असतो. खंडाळा ते पुणे ही गाडी १८५८मध्येच सुरू झाली होती, पण घाटातला मार्ग पुरा व्हायला १८६३ उजाडलं. मधली पाच वर्षं माणसं खंडाळ्याला उतरून पालखीतून, घोड्यावरून, बैलगाडीतून घाट उतरायची आणि खाली पुन्हा आगगाडीत बसायची. त्या बैलगाड्यांच्या धावाही कुणीतरी निघण्याआधी वाजवून बघितल्या असतील. पुढे मार्ग झाला तरी चढ इतका, की मधे एका जागी गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला न्यावं लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढे जायची. ते १९२९मध्ये बंद झालं. चढण मात्र तीच आहे, सदतीसास एक. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. डोळ्यांना काही वाटत नाही, पण आगगाडीसाठी हा कडा आहे. म्हणून मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. उतरताना इंजिनच मोटारींच्या साहाय्याने गाडीला रोखून धरतं आणि त्यातून तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते. शिवाय घाटात कॅच साईडिंग आहेत. गाडी ताब्यात नसेल तर ती मुख्य मार्गावरून बाजूला, चढाच्या फाट्यावर वळते आणि तिथे जोर संपून थांबते. ताब्यात आहे हे गाडीने आधी दाखवायचं, मग पुढचा रस्ता मिळतो. इथेही तेच, उत्तर दिल्याशिवाय वाट नाही.

पहिल्यांदा घाट उतरले तेव्हा मी बोलायचं विसरले. सहायकाचं काम सिग्नल दिसला की हात करून मोठ्याने पुकारायचं, चालकाने तोच परत म्हणायचा. "पिवळा." "पिवळा." दोघांनी वेगळं म्हटलं तर गाडी हळू करायची. मी बाहेर बघत राहिले. धुकं, धबधबे, बोगद्याच्या तोंडाशी लोंबणारी हिरवी वेल. सरांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि स्वतः पुकारलं. मी लगेच परत म्हटलं. नंतर चुकले नाही. इंजिनात एक यंत्रही असतं, ते चालकावर लक्ष ठेवतं. मिनिटभर त्याने कशालाच हात लावला नाही, तर आधी दिवा लागतो, मग बझर वाजतो, आणि तरी दाद मिळाली नाही तर यंत्र स्वतः ब्रेक लावतं. सर म्हणतात, "ते विचारतं, आहात ना? आपण म्हणायचं, आहे."

याच घाटातून ८ मार्च २०११ला साताऱ्याच्या सुरेखा यादव डेक्कन क्वीन घेऊन मुंबईला गेल्या. १९८८मध्ये त्या देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या, तेव्हा माझ्या आईचं लग्नही झालं नव्हतं. त्यांनीही सुरुवातीला अशाच रात्री चाकांशी वाकून बॅटरी मारली असेल, कॉशन ऑर्डर वाचली असेल. बातम्यांत फलाटावरचे हार आणि फोटो येतात. मला त्याआधीचा तासभर दिसतो.

परवाची गोष्ट. संध्याकाळ होती, पुणे स्टेशनवर गाडी लागली होती, इंजिन जोडून झालं होतं. फलाटावर नेहमीची गर्दी. एक बाई खिडकीतून हात बाहेर काढून कुणाला तरी डबा देत होती, हमाल डोक्यावर तीन बॅगा घेऊन पळत होता. सरांनी वॉकीटॉकी माझ्या हातात दिला. आजवर ते स्वतः बोलायचे. मी गाडीचा नंबर सांगितला, इंजिनात पाच किलो दाब आल्याचं सांगितलं आणि मागचा दाब विचारला.

खरखर झाली. मग गार्डसाहेबांचा आवाज आला, "मागे चार पॉइंट नऊ. आता सोडतोय, बघा."

मी काट्याकडे बघत राहिले. काटा जागच्या जागी होता. चारशे मीटर लांबून हवा निघाली होती आणि अठरा डब्यांखालून, त्या डबा देणाऱ्या बाईच्या पायांखालून, अजून इथवर यायची होती. सर दुसरीकडे बघत होते. मग काटा हलला. आधी किंचित, मग ठरवल्यासारखा खाली.

"पडला," मी म्हटलं.

"पडला," सर म्हणाले.